कात्रणवहीतलं अर्थशास्त्र

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना ताज्या बातम्या वापराव्यात, याला आता कुणाचाच विरोध उरलेला नाही. पुस्तक जुनं होतं, बातमी आजची असते. इंटर्नलचे मार्क कशावर तरी द्यावेच लागतात, आणि पेपर आता सगळ्यांच्या खिशात, मोबाइलमध्ये असतो. त्यामुळे बी.कॉम. आणि बी.ए.ला एक ठरलेला प्रोजेक्ट असतो: दहा बातम्या शोधा, चिकटवा, प्रत्येकीखाली ‘संबंधित संकल्पना’ लिहा. कांदा महागला, लिहा पुरवठ्याचा नियम. पेट्रोल महागलं तरी रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या नाहीत, लिहा अलवचिक मागणी. रेपो दर वाढला, लिहा पतनियंत्रण. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, पहिल्या पानावर रोल नंबर.

माझं शिक्षण इंजिनियरिंगचं. चार वर्षांत अर्थशास्त्राशी गाठ पडली ती नावापुरती. पण धाकटी बहीण कॉमर्सला आहे, आम्ही राहतो वागळे इस्टेटला लागून, आणि गेली दोन वर्षं तिच्या सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्याकडे प्रिंटआउट, कात्री आणि फेविस्टिकचा कारखाना चालतो. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या वीसेक वह्याही मी वाचल्या. कुतूहलापोटी. (झेरॉक्सवाल्याकडे तयार वहीसुद्धा मिळते. बातम्या त्याच, फक्त नाव बदलायचं. त्याचा धंदा हे वहीतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा बाजारपेठेचं चांगलं उदाहरण आहे.) वीस वह्या वाचल्यावर कात्रणवही हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे अशी माझी खात्री पटली, आणि प्रकार म्हटला की त्याची समीक्षा व्हायला हवी.

या प्रकाराचा पहिला नियम: बातमी धड्याला कधीच खोटं पाडत नाही. आधी धडा येतो, मग त्याला शोभेलशी बातमी शोधली जाते. बसली नाही तर दुसरी शोधायची, पेपर काही संपत नाहीत. आमच्या कामात अशी टेस्ट लिहिणारे लोक असतात. कोडने काहीही केलं तरी ती टेस्ट हिरवीच दाखवते. रिव्ह्यूमध्ये ती परत येते, कारण जी टेस्ट नापास होऊच शकत नाही ती काहीच तपासत नाही. कात्रणवहीत मात्र तिला दहापैकी नऊ मिळतात.

हे काही आपल्याच प्राध्यापकांचं नाही. ग्रेगरी मॅन्क्यू यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हे जगभर चालणारं पाठ्यपुस्तक आपल्याकडच्याही अनेक संदर्भयाद्यांत असतं. त्यात ‘इन द न्यूज’ नावाच्या चौकटी आहेत. प्रकरणात एक तत्त्व सांगायचं आणि चौकटीत खऱ्या वर्तमानपत्रातला मजकूर द्यायचा, की बघा, बाहेर हेच चाललंय. चौकटी वाचायला मजा येते, हे मान्य. पण त्यांची नेमणूक साक्षीदाराची असते, आणि साक्षीदार वकिलाने निवडलेला. याच मॅन्क्यूंच्या हार्वर्डमधल्या वर्गातून २ नोव्हेंबर २०११ रोजी सत्तरेक विद्यार्थी उठून बाहेर पडले. तेव्हा अमेरिकेत ‘ऑक्युपाय’ आंदोलन चालू होतं, २००८च्या मंदीतून लोक सावरले नव्हते, आणि हा कोर्स एकाच बाजूचं अर्थशास्त्र शिकवतो असं विद्यार्थ्यांनी लेखी कळवलं होतं. मॅन्क्यूंनी पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांना उत्तर दिलं. विद्यार्थ्यांचे सगळेच आरोप मला पटत नाहीत, पहिल्या वर्षाच्या वर्गाकडून त्यांनी जरा जास्तच मागितलं. पण पुस्तकभर बातम्यांच्या चौकटी होत्या आणि त्या वर्षाची सगळ्यात मोठी बातमी वर्गाबाहेर उभी होती, हे मात्र त्या दुपारी दिसलं.

आता आपला कांदा घ्या. वीसपैकी सतरा वह्यांत तो आहे, आणि त्याच्या बातमीचं शीर्षक जवळपास नेहमी एकच: कांदा रडवणार. टोमॅटोची लाली वाढते, डाळ शिजत नाही, गृहिणींचं बजेट कोलमडतं आणि कांदा रडवतो. या भाषेवर थांबायला हवं, कारण विद्यार्थी अर्थशास्त्राच्या आधी ती भाषा शिकतो. ‘महागला’ हे कुणाच्या बाजूने बोललेलं वाक्य आहे? विकत घेणाऱ्याच्या. ठाणे-मुंबईच्या पानावर भाव वाढतो तेव्हा तो महागतो, नाशिकच्या पानावर तोच भाव वाढतो तेव्हा कांद्याला ‘झळाळी’ येते. इथे ‘स्वस्ताई’ म्हणतात, तिथे ‘दर कोसळले, शेतकरी हवालदिल’. पेपर एकच, दिवस एक, आवृत्ती वेगळी. बातमी वापरून शिकवायचं म्हणणाऱ्या प्राध्यापकाला यापेक्षा सोपं साहित्य मिळणार नाही. दोन आवृत्त्यांची दोन पानं शेजारी ठेवायची. किंमत म्हणजे एकाचा खर्च आणि दुसऱ्याचं उत्पन्न, हे राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात घोकावं लागणारं वाक्य समोर छापून आलेलं असतं. पण वहीत एकच पान चिकटवायचं असतं, आणि ठाण्याच्या मुलाकडे ठाण्याचंच पान असतं.

दुसरी अडचण वेळेची. एक कात्रण म्हणजे एक दिवस, आणि कांद्याची गोष्ट एका दिवसाची नाही. २०२३ साल पाहू. फेब्रुवारीत सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हाती उरले २ रुपये ४९ पैसे, आणि चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. पुढे राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, कारण शहरात कांदा महागत होता. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली.

फेब्रुवारीचं कात्रण ज्याने चिकटवलं त्याने लिहिलं ‘अतिरिक्त पुरवठा’. ऑगस्टचं ज्याने चिकटवलं त्याने लिहिलं ‘अतिरिक्त मागणी’. दोघांनाही मार्क मिळाले. सहा महिन्यांत एकाच मालाचं एवढं उलटं कसं झालं, हा खरा प्रश्न कुणाच्याच वाट्याला आला नाही.

त्याचं उत्तर आकृतीत नाही, पिकात आहे. महाराष्ट्रात कांदा वर्षातून तीनदा निघतो: खरीप, रांगडा म्हणजे लेट खरीप, आणि रब्बीचा उन्हाळ कांदा. खरीप आणि रांगडा लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, भाव रुपया असो की तीस. उन्हाळ कांदा टिकतो. तो मार्च ते मेदरम्यान निघतो, चाळीत भरला जातो आणि पावसाळा संपेपर्यंत थोडा थोडा बाजारात येतो. म्हणजे फेब्रुवारीतल्या त्या शेतकऱ्याकडे थांबण्याचा पर्यायच नव्हता. ऑगस्टमधल्या शेतकऱ्याकडे होता, पण तेव्हा शेतातून नवं काही निघत नव्हतं. जो काही देशाचा कांदा होता तो चाळीत, आणि रोज थोडा सडत होता. पाठ्यपुस्तकातला पुरवठावक्र सांगतो की भाव वाढला की उत्पादक जास्त माल आणतो. ऑगस्टमध्ये प्रश्न उत्पादनाचा नव्हताच. आज विकू की पुढच्या महिन्यात, हा होता, आणि त्याचं उत्तर पुढच्या महिन्यात सरकार काय करेल यावर अवलंबून होतं. शुल्क लावलं की हा अंदाज बदलतो. निर्यातबंदी येईल अशी नुसती कुणकुण लागली तरी बदलतो. अपेक्षा, साठा, नाशवंतपणा, वेळ: या एका वर्षात अख्खं सेमिस्टर बसतं.

आणि त्या दोन रुपयांच्या चेकला ‘अतिरिक्त पुरवठा’ म्हणून सोडून देणं तर पापच आहे. त्याची हिशोबपट्टी फळ्यावर लिहा. ५१२ रुपयांतून ५०९ रुपये ५१ पैसे गेले. यातला एकही खर्च भावावर अवलंबून नाही. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजनावर लागते. भाव वीस असता तरी तेवढीच लागली असती. म्हणजे भाव पडतो तेव्हा मधल्या कुणाचं फारसं जात नाही, सगळी पडझड शेतकऱ्याच्या अंगावर येते. पुस्तक म्हणतं, किंमत सरासरी बदलत्या खर्चाखाली गेली की उत्पादन थांबवावं. मग त्याने बाजारात नेलाच कशाला? पोरं उत्तरं देतील: लावणीचा खर्च आधीच बुडालेला, रान मोकळं करायचं होतं, निघताना भाव माहीत नव्हता. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकात भाव आधी कळतो आणि निर्णय नंतर होतो.

त्याच ऑगस्टमध्ये आणखी दोन बातम्या लागोपाठ आल्या. सरकारी संस्था किरकोळ ग्राहकाला २५ रुपये किलोने कांदा विकणार, ही एक. शेतकऱ्याकडून २,४१० रुपये क्विंटलने खरेदी करणार, ही दुसरी. म्हणजे घ्यायचा २४ रुपये १० पैशांना आणि विकायचा २५ला. मधल्या ९० पैशांत लासलगावहून शहरापर्यंतचं भाडं, तूट, सड, विक्रेत्याचा पगार, सगळं? विकला जाणारा माल आधी स्वस्तात घेतलेल्या साठ्यातला असेल तर तो कधी, कितीला घेतला होता? आणि फरक पडला तर तो कुणाच्या खात्यातून भरला जातो? किंमत स्थिरीकरण निधीचं नाव इथे पहिल्यांदा निघेल, आणि परीक्षेत टीप लिहायला आल्यावर ते लक्षात राहील. दोन्ही बातम्या वेगवेगळ्या वह्यांत मी पाहिल्या. एकत्र एकाही वहीत नाहीत.

पुढचंही सांगून टाकतो, कारण वर्ग मार्चमध्ये संपतो आणि गोष्ट संपत नाही. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ला, टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तेव्हा महाराष्ट्रात लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू होते आणि नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला व्हायचं होतं. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये झाली. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५पासून हटलं. या तारखांचं काय करायचं हे मी प्राध्यापकांवर सोडतो. ‘सरकारी हस्तक्षेप’ या धड्यात सरकार म्हणजे बाहेरून येणारा एक बाण असतो. तो बाण कधी येतो आणि कधी मागे जातो, याचा तक्ता मात्र पोरं स्वतः करू शकतात.

रेपो दराचंही असंच होतं, पण ते थोडक्यात. मे २०२२मध्ये ४ टक्क्यांवरून वाढायला लागलेला दर फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहावर पोचला. वहीत लिहिलं जातं: कर्ज महाग, मागणी कमी, महागाई कमी. आता ज्यांच्या घरी घोडबंदरच्या फ्लॅटचं कर्ज आहे त्यांना विचारा. अनेकांचा हप्ता वाढलाच नाही, कर्जाची वर्षं वाढली. बाप साठीचा होईल तेव्हाही हप्ता चालू असेल, पण या महिन्याच्या किराण्यात फरक पडला नाही. मग मागणी कमी कशी व्हायची? हे इतकं सर्रास झालं की ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं, हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. शिवाय २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार ४५.८६ टक्के होता. रेपो दराने कांदा पिकत नाही.

बातमीतून अर्थशास्त्र शिकवण्याची कल्पना नवी आहे असं समजणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येत होती. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि सुरुवातीला वयाने जेमतेम पंचविशीचे. म्हणजे आज असते तर रात्री लॅपटॉप बंद करून ब्लॉग लिहिला असता. पत्रं १०८, ओळखली जातात ‘शतपत्रे’ म्हणून. देश गरीब का झाला, बाहेरचा माल का घेतो, इथला कारागीर का बसला, लोक उद्योग सोडून भलत्या गोष्टींत का रमतात, हे त्यांत येतं. त्याच माणसाने १८४९मध्ये इंग्रजी पुस्तकाच्या आधारे ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्राचं पुस्तक मराठीत केलं. एकाच हाताने, एकाच वेळी, पाठ्यपुस्तकही लिहिलं आणि पेपरातली पत्रंही. ‘शतपत्रे’ आजही छापली जातात, त्यांच्यावर भांडणं होतात. ‘लक्ष्मीज्ञान’चं नाव निघतं ते मराठीतल्या आद्य ग्रंथांच्या यादीत. मला यातलं कारण असं दिसतं की पत्रांत आधी समोरची परिस्थिती आहे आणि मग कारणांचा शोध. तो शोध कधी चुकतो, ब्राह्मणांवर आणि राजांवर घसरतो, पण तो शोध आहे. पुस्तकात उत्तर आधीच तयार होतं.

आता वागळे इस्टेट. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत इथे उभी राहिली. आज सोळा नंबर रोडवर काचेच्या इमारती आहेत, आयटी पार्क आहेत, दुपारी दीडला गळ्यात आयडी कार्ड घातलेली माझ्यासारखी माणसं वडापावच्या गाडीभोवती असतात. मधूनच एखाद्या गाळ्यातून अजून प्रेस मशीनचा ठोका ऐकू येतो. जवळच पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती. ती २००९मध्ये बंद झाली, पुढे तिथे टॉवर उभे राहिले.

बहिणीच्या वहीत यावर एक कात्रण होतं, ठाण्यातल्या आयटी क्षेत्राच्या वाढीचं. खाली तिने लिहिलं होतं: ‘रचनात्मक बदल. अर्थव्यवस्था उद्योगाकडून सेवांकडे जाते, हे विकासाचं लक्षण.’ तिला ते पुस्तकाने सांगितलं होतं. आमचे बाबा इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटमध्ये टर्नर होते. चौदा माणसांचं युनिट. ते बंद झालं आणि बाबा एका गोदामात मोजणीला लागले, कमी पगारावर. त्यांची लेथ सेवाक्षेत्रात गेली नाही, भंगारात गेली. ते कात्रण चिकटवताना बहीण आणि बाबा एकाच खोलीत होते, आणि बाबांनी फेविस्टिकचं झाकण लावून दिलं.

ते चौदा माणसांचं युनिट बंद झाल्याची बातमी कुठल्याच पेपरात आली नव्हती. येणारही नव्हती. आयटी पार्कच्या उद्घाटनाला मंत्री येतो, फोटो येतो. गाळा बंद होतो तेव्हा फक्त कुलूप लागतं. बातम्या म्हणजे अर्थव्यवस्थेचं सॅम्पल असं मानलं, तर ते फार तिरकं सॅम्पल आहे: मोठं, अचानक घडणारं, पत्रकार परिषद घेणारं तेवढंच त्यात येतं. बहुतेक मराठी दैनिकांच्या अर्थपानावर गुंतवणूकदार असतो, महागाईच्या बातमीत गृहिणी असते, पण पगाराची बातमी शोधून पाहा. सरकारी नोकरांचा वेतन आयोग सोडला तर वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सापडतील. जो वर्ग फक्त बातम्यांवर चालेल तो पगार हा विषयच विसरेल.

प्राध्यापकांची बाजूही खरी आहे. एका वर्गात शंभरावर मुलं, सेमिस्टर तीन-चार महिन्यांचं, त्यात तासिका तत्त्वावरची नोकरी, आणि वह्या तपासायच्या रात्री घरी. दहा कात्रणं मोजता येतात. दोन बातम्यांमधली विसंगती पकडणारं दीड पान मोजता येत नाही, ते वाचावं लागतं. ‘संबंधित संकल्पना’ हा रकाना त्या थकव्यातून आलाय, वाईट हेतूने नाही. म्हणूनच माझी मागणी कामं वाढवायची नाही. दहाऐवजी तीन कात्रणं मागा. एकाच विषयाची, निदान सहा महिन्यांच्या अंतराने आलेली, आणि त्यातलं एक दुसऱ्या जिल्ह्याच्या पानावरचं. रकान्याचं नाव बदलून ‘न जुळणारी गोष्ट’ करा. तपासायला वह्या तेवढ्याच, पानं कमी. झेरॉक्सवाल्याला मात्र हे तयार करून विकणं जड जाईल, कारण दर वर्षी बातम्या बदलतील.

आणि इस्टेटच्या आसपासच्या कॉलेजांना चौथं पान मागता येईल: छापून न आलेलं. शनिवारी बावीस नंबरच्या रोडवर दोन तास चालायचं, किती गाळ्यांना कुलूप आहे ते मोजायचं, जे उघडे आहेत तिथे विचारायचं की मागच्या पाच वर्षांत माणसं किती होती आणि आता किती आहेत. सगळे सांगणार नाहीत. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो सांगतो, कारण दुपारी किती ग्लास जातात हे त्याला पाठ असतं.

कांद्यासाठी तर एवढं चालायलाही नको. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव येतात, मराठीत, फुकट: आवक किती, किमान किती, कमाल किती, सर्वसाधारण किती. वर्गात बसल्या बसल्या फोनवर लासलगाव उघडायचं, मग सोलापूर, मग मुंबई. संध्याकाळी घराखालच्या भाजीवाल्याचा भाव चौथ्या रकान्यात लिहायचा. त्या दिवशीची ठाण्याच्या पानावरची बातमी त्यानंतर वाचायची.